गोलाई साडेतीन फूट

जुना प्रोजेक्टर घरी आणला त्याच दिवशी मला या उद्योगाची किळस यायला हवी होती. बंद पडलेल्या एका शिकवणी वर्गातला तो होता. झाकण उघडलं तर आत झुरळांची अंडी, पालीच्या लेंड्या आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिकट काळा थर. चालू केला तेव्हा केस जळल्यासारखा वास सुटला. दोन दिवस मी स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तो साफ करत बसलो. बायको दारातूनच म्हणाली, "अहो, तो ब्रश परत न्हाणीत ठेवू नका म्हणजे झालं."

मला संगणकावर विमान उडवायचा नाद आहे. नोकरी जमीन मोजणीची, त्यामुळे दिवसभर शेतांचे बांध आणि धुरे. सुट्टीच्या दिवशी हा खेळ. पण लहान सपाट पडद्यावर फक्त समोरचं दिसतं. धावपट्टीकडे वळताना डावीकडे काय आहे ते कळत नाही. म्हणून टेबलाभोवती बाक दिलेला पडदा करायचा आणि डोक्यावर छताला प्रोजेक्टर टांगायचा, असं ठरवलं.

हिशेब पक्का होता. मी बसतो तिथून पडद्याचा प्रत्येक भाग साडेतीन फुटांवर. पूर्ण वर्तुळाचा तिसरा हिस्सा घ्यायचा. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ अंतर सहा फूट सहा सूत. आमच्याकडे मिस्तरी लोक इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. प्लायच्या दोन बाकदार फासळ्या, एक वर, एक खाली, आणि त्यांना धरून वाकवलेला पांढरा सनमायका. जळगाव जामोदला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर सुतार मिस्तरी आहेत. त्यांना मी कागदावर लिहून दिलं: गोलाई साडेतीन फूट, तिचा तिसरा हिस्सा, नग दोन. तोंडी माप मी कुणाला देत नाही. तोंडी मापाने माणसं कोर्टात जातात हे मी रोज बघतो.

फासळ्या आल्या. टेबलावर ठेवल्या तर टेबलच त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट उघडं राहिलं. प्रोजेक्टर लावून बघितला. अर्धं आकाश भिंतीवर, एक पंख कपाटावर. टेप लावला. तीन फूट तीन सूत. माझं डोकंच फिरलं. असल्या फडतूस कामांची मला किळस येते. 'चालून जाते' म्हणत माणसं लाकूड कापतात, आणि ते चालवून घ्यायला आपण बसलेलो असतो.

फासळ्या काखेत मारून मी तडक दुकानात गेलो. तिथे एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्या नव्या घराच्या चौकटी आणि खिडक्या करायच्या होत्या. मिस्तरींची दोन महिन्यांची रोजी त्यात होती. हे मला समोर दिसत होतं, तरी मी थांबलो नाही. फासळ्या मिस्तरींच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणालो, "मिस्तरी, साधं माप वाचता येत नाही तर कामं घेता कशाला?"

शिक्षिका उठल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या आणि गेल्या.

मिस्तरींनी त्यांना जाऊ दिलं. मग खिळ्याला अडकवलेला माझा कागद काढला. "साहेब, हे तुमचंच अक्षर हाये ना? गोलाई साडेतीन फूट. म्या बी साडेतीनच केली."

"अहो, मध्यापासून साडेतीन."

"तसं कुठं लिवलं? तुमी विहीर मोजता तवा गोलाई कशी लिवता?"

विहीर अठरा फुटाची म्हटली की ती या काठापासून त्या काठापर्यंत अठरा फूट. आमच्या भागात गोलाईचा दुसरा अर्थ नाही, आणि टिपणात मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच लिहीत आलो.

"तुमाले पायजेल होते सात फूट गोलाईचे," ते म्हणाले. "मंग सात लिवा ना. मले काऊन बोलता?"

सहा फूट सहा सुतांचं निम्मं तीन फूट तीन सूत. एका सुताचाही फरक नाही. टेप हातात असताना हे मला दिसलं नव्हतं. चुकणाऱ्या माणसाकडून असं नेमकं निम्मं येत नाही. त्यांनी माझी चूक सुताला सूत बरोबर कापली होती. अंगावर पाल पडावी तशी माझी मलाच शिसारी आली.

"माझं चुकलं, मिस्तरी," मी म्हणालो.

"मले सांगून काय होते? त्या बाईले सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकेच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या अवघडून म्हणाल्या, "मी काल संध्याकाळीच दुसऱ्या मिस्तरींना होकार दिला. तुम्ही मोजणीतले, तुम्हीच म्हणालात, मग मी काय समजणार?"

"त्यांनी लाकूड कापलं का?"

"नाही, अजून नाही. पण आता नको म्हणायला कारण काय सांगू? तुमचं नाव घेऊ का?"

दुसरे मिस्तरी बाजारात बसणारे. त्यांच्याकडे सांगितलेलं दुपारपर्यंत अर्ध्या तालुक्यात पोचतं. ज्यांच्या बांधांवर माझ्या सहीचे नकाशे आहेत ती सगळी माणसं तिथेच चहा पितात. दुसरं काही कारण सांगता येईल का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते ओठावर आलं याचीच मला अजून घाण वाटते.

"घ्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "भाऊ, चौकटींचं राहू द्या. नाही, त्या मिस्तरींचं काही चुकलं नव्हतं. मोजणीचे साहेब इथंच बसलेत, त्यांचंच माप चुकलं होतं म्हणतात."

पलीकडचं हसू मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. ते बराच वेळ थांबलं नाही.