तात्यांचं निळं पिंप

स्टुडिओतल्या लोकांना रुमालताई पहिल्यांदा दिसल्या त्या मोरीपाशी. नाकाला रुमाल, दोन बोटांच्या चिमटीत ब्रश, आणि कोपरानं नळ सोडायची धडपड. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातल्या या स्टुडिओत सहा जणांची सहा टेबलं होती आणि मोरी मात्र एकच. तिच्या काठाला रंग, तेल, केस आणि चहाचा चोथा यांचा बोटभर थर बसला होता.

"तात्या, नवीन पाहुण्या आल्यात," लाकडी ठसे कोरणारी मुलगी चाकावरच्या म्हाताऱ्या कुंभाराला म्हणाली. "रुमालताई." नाव तिथंच चिकटलं.

रुमालताईंनी औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढली होती. दिवसातून वीसदा हात धुवायची सवय. सुट्टीच्या दिवशी त्या चित्रं काढत: गुलाब, कमळं, निळंशार तळं. सगळं छापील फोटोंवरून, कारण खऱ्या तळ्याकाठी चिखल असतो. नातलगांच्या बैठकीतून ती चित्रं लटकली होती. धाकटी जाऊ म्हणायची, "ताई, कमळाला अगदी हात लावावासा वाटतो हो!" पण टर्पेंटाइनच्या वासानं मुलाचा दमा उसळायला लागला आणि रंगांची घरातून हकालपट्टी झाली. आता चित्र काढायचं तर या स्टुडिओशिवाय जागा नव्हती. तिथला नियम असा, की नव्या माणसाला तीन महिने बघायचं आणि मग बाकीच्या पाचांनी ठरवायचं.

पहिला महिना त्यांनी श्वास धरून काढला. मग एका रविवारी, कोणी नसताना, त्या खराटा, सोडा आणि रबरी हातमोजे घेऊन आल्या. मोरी घासली. फरशी घासली. तात्यांच्या चाकामागं एक निळं पिंप होतं, त्याचं झाकण उघडलं आणि पोटातलं तोंडाशी आलं. आत करडा लगदा, वर काळी साय, सायीवर बुडबुडे. घूस मरून पडल्यासारखा वास. 'शी! माणसं आहेत का कोण!' असं पुटपुटत त्यांनी ते सगळं बादली-बादलीनं मागच्या गटारात ओतलं, पिंप फिनाइलनं धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. आता तरी ही मंडळी आपल्याला मानतील, असं वाटून त्या समाधानानं घरी गेल्या.

सोमवारी तात्यांनी ते पालथं पिंप सरळ केलं आणि आत वाकून पाहिलं.

"यातलं कुठं गेलं?"

"टाकलं की. सडलं होतं हो तात्या, किडे पडले असते."

"सडत नव्हतं, ताई. मुरत होतं."

"चार वर्षांची माती होती ती," ठसेवाली म्हणाली. "जितका घाण वास तितकी लवचीक. तुम्ही तर चार वर्षं गटारात सोडलीत!"

तात्या रागावले नाहीत. त्यांनी ताजी माती चाकावर घेतली. भांडं वर चढलं आणि काठाशी फाटलं. पुन्हा घेतली, पुन्हा फाटलं. रुमालताईंना ते बघवेना.

"मी काय करू, सांगा."

"तळ्यावरून माती आणा. गावाबाहेर आहे बघा. आणि ते मोजे ठेवा इथं, मोज्यातून खडा कळत नाही."

त्यांनी आठ खेपा केल्या. पहिल्या खेपेला गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या ओकल्या. बोटांना शेवाळ लागे, मेलेल्या माशाचे खवले लागत, बेडकाच्या अंड्यांचा गिळगिळीत पुंजका लागे. तोल सावरायला त्यांनी एकदा कमळाचं पान धरलं आणि ते उलटं झालं. खालची बाजू लालसर, बुळबुळीत, गोगलगायीच्या अंड्यांनी भरलेली. वीस वर्षं कमळं काढत होत्या त्या, आणि पानाला खालची बाजू असते हे त्यांना माहीत नव्हतं.

परत येऊन त्यांनी टेबलावरचं अर्धवट कमळ पाहिलं. भिजलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसत होतं ते. पिंपातल्या घाणीची आली नव्हती एवढी किळस त्यांना त्या कमळाची आली. कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि दुसऱ्यावर त्या पानाची खालची बाजू काढायला घेतली.

ठसेवाली येता-जाता डोकावायची. "अहो ताई, घाणसुद्धा नटवलीत! तो गुलाबी पुसा आधी."

ताईंनी पुसला. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवाळाचा पिवळट हिरवा जमेना, तेव्हा ठसेवालीनं शाईत गंजाची पूड घालायची आपली युक्ती सांगितली. तात्यांनी रंगात चिमूटभर गाळ मिसळून दिला. काढताना पोट ढवळायचं, आणि ढवळलं की ताईंना कळायचं, रंग बरोबर आलाय.

तीन महिने संपले त्या दिवशी पाचही जण त्या पानाच्या चित्रासमोर उभे राहिले. कोणी छान म्हटलं नाही. ठसेवालीनं तोंड वाकडं केलं. "बाई गं! माझ्या टेबलासमोर नका हं लावू."

तात्या म्हणाले, "पिंप भरलंय, पण मुरायला चार वर्षं जातील. रोज ढवळायला लागेल. माझे खांदे गेले आता." मग बाकीच्यांकडं बघून, "यांनी टाकलं, यांनीच ढवळावं. कुठं जाऊ द्यायचं नाही यांना."

कोणी हरकत घेतली नाही. ताईंनी बाह्या वर केल्या, झाकण काढलं, आणि चेहरा कसानुसा करून कोपरापर्यंत हात घातला.

रुमालताई आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांचं नवं एकही चित्र नातलगांकडं लागलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणून हल्ली तळ्यावर जाताना त्या घडीचं स्टूल नेतात.