गळ्यावरून ओळखणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाई समोरच्या बाईचा गळा आधी पाहत, तोंड नंतर. ओळखही गळ्यावरूनच ठेवत. "ते नाही का, गोफवाली, उंचशी?" असं त्या विचारत आणि त्यातलं 'उंचशी' केवळ आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी असे. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून वं पोरी, गळा उघडाच? अशी कशी लक्षात राहशीन तू माह्या?"

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीमागे, एका गल्लीत, जिन्याखालच्या फळीवर त्यांची बसायची जागा होती. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणायचा, त्यात मणी ओवायचे, मण्यामागे गाठ मारायची, हे काम त्यांनी चाळीसेक वर्षं केलं. सोनार मणी घडवतो. ते गळ्यात घालण्याजोगे होतात गाठणाऱ्या बाईच्या हातून. सराफ आपल्याकडचे दागिने गाठायला त्यांच्याकडे पाठवत. घराघरांतल्या बायका परस्पर येत, त्या वेगळ्या.

मी एका दैनिकाच्या पुरवणीत काम करत होते. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं होतं आणि दागिन्यांतल्या नव्या फॅशनवर पानभर मजकूर हवा होता. कमी कॅरेटचं सोनं, प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे, वजनाला हलके पोकळ हार, गुलाबी सोनं, मुद्दाम काळी केलेली चांदी. मोठ्या दालनांकडून आलेल्या टिपणांत सगळीकडे तीच वाक्यं होती. म्हणून मी द्वारकाबाईंकडे गेले, आणि मग चार-पाच वेळा गेले.

गुलाबी सोन्याचं चित्र दाखवलं तर म्हणाल्या, "तांबं जास्त पडलं का त्याले गुलाबी म्हणतेत आता. आमच्या टायमाले सोनारानं असं देल्लं असतं तं बायांनी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं." काळ्या चांदीच्या झुमक्यांवर त्या बराच वेळ हसल्या. "मी जिंदगीभर चिंच लावून काळं काढून राहिली, अन् तुम्ही पैसे देऊन काळं आनून राहिल्या." प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना मात्र त्यांचा आक्षेप नव्हता. "चमकते ना? मंग झालं. हिऱ्याले थोडी माहीत हाय तो कुठी जलमला?"

मी सगळं टिपून घेत होते. गिऱ्हाईक आलं की त्या मला वही मिटायला लावत. कोणाचा दागिना, कुठून आला, त्यात खरं किती, हे त्या विचारत नसत आणि दुसऱ्याला सांगत नसत. "मले दोनच गोष्टी पुसाच्या असते. लांबी किती, अन् धागा लाल का काळा."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला हुडकेश्वरची एक बाई आली. तिच्या रुमालात एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची एकेरी माळ, सासूने लग्नात घातलेली. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिने त्यातले नऊ मणी विकले होते आणि त्यांच्या जागी एक ग्रॅमचे, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेले, मणी आणले होते. घरी सासूला ठाऊक नव्हतं. दहा दिवसांवर पुतण्याचं लग्न होतं.

"हातात घेतलं त्याईनं तं?" तिने विचारलं.

"घेऊ दे. जुन्या मन्यात लाख भरून हाय, वजन सारखंच लागते. खोटे मांगं टाकतो, अंबाड्याखाली. घाबरू नको वं माय."

मी फोन काढला. पानासाठी मला अजून छायाचित्र मिळालं नव्हतं. ती बाई द्वारकाबाईंकडे बघू लागली.

"हाताचा घे पाहिजे तं," द्वारकाबाई म्हणाल्या. "दागिन्याचा नको."

"मावशी, नाव येणार नाही, चेहरा येणार नाही."

"चेहऱ्यानं कोन ओळखते वं?"

त्या गाठ मारायला वाकल्या तेव्हा मी छायाचित्र घेतलं. हात होते, हातांत एकदाणी होती आणि मधोमध एक पोवळं होतं, कडेला टवका उडालेलं. प्रकाश चांगला होता. रविवारी ते पानाच्या मध्यावर, तीन स्तंभांत छापलं गेलं. ओळ मीच लिहिली होती: 'खऱ्या मण्यांत एक ग्रॅमचे मणी मिसळून गाठून घेण्याकडे सध्या महिलांचा कल आहे.' नाव नव्हतं, चेहरा नव्हता. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

मंगळवारी मी त्यांना पुरवणीच्या दोन प्रती द्यायला गेले. फळीवर टेकले, पिशवी मांडीवर होती, तेवढ्यात हुडकेश्वरची बाई आली. पुढे तिची सासू होती. सासूने सुनेच्या गळ्यातून उतरवलेली ती एकदाणी कात्रीने तोडली आणि मणी द्वारकाबाईंच्या ओटीत टाकले.

"माह्या सासूच्या हातचं पोवळं हाय ते. आंधळी असती तरी ओळखलं असतं. पेपरात लिवलं, मनी खोटे हाये. निवड आता. खरे कोनते, खोटे कोनते, अन् कोनी टाकले, सांग."

सून खाली पाहत उभी होती. आसपासच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. सासूने माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोन?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले.

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मणी तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्याकडूनच झालं, बाई. दोन डबे बाजूबाजूले ठेवले होते. तुमचे मनी दुसऱ्याच्या माळेत गेले, त्याचे तुमच्यात आले. डोळे काम नाही करत आता. पोरीची काही चूक नाही."

मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातली पोत काढली, गाठ कापली आणि तीतले नऊ मणी वेगळे केले. ते त्यांच्या आईचे होते. एकदाणी तिथेच पुन्हा गाठायला घेतली. त्याला तासभर लागला असेल. सासू समोर बसून प्रत्येक मणी पाहत होती. मी बसून होते. प्रती पिशवीतच राहिल्या.

ज्या बाईला खरा मणी आणि खोटा मणी वेगळा दिसत नाही, तिच्याकडे सराफ सोनं पाठवत नाहीत. महिन्याभरात काम बंद झालं. खुलासा छापता आला असता. पण खरा खुलासा म्हणजे सुनेचं नाव सांगणं, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. त्या पानाबद्दल मात्र संपादकांनी बैठकीत माझं कौतुक केलं, आणि ते मी ऐकून घेतलं.

जिन्याखालची जागा सोडून द्वारकाबाई मुलाकडे खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहायला गेल्या. मी एकदाच गेले. उघड्या गळ्यावर त्यांनी पदर गुंडाळून घेतला होता. मी माफीचं वाक्य घरून ठरवून नेलं होतं. ते सुरू करायच्या आत त्यांनी सुनेला हाक मारली. "वं, चहा ठेव. हे ते पेपरवाली. त्या दिवशी इच्या तोंडातून मन्यांचा एक शब्द नाही निंघाला. बोलली असती तं त्या लेकरावालीचं घर तुटलं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "म्या तुले बसू देल्लं तेच चुकलं होतं माह्यं. पन तू जबान सांभाळली. शिकली तू."

मी जबान सांभाळली होती ती माझं नाव निघू नये म्हणून. त्या क्षणी हुडकेश्वरच्या त्या बाईचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा घेतला, मुलाच्या कामाच्या पाळ्यांविषयी विचारलं आणि निघाले.

द्वारकाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांची सून म्हणाली की शेवटपर्यंत त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना माझं उदाहरण देत.

या मजकुरात मी काही तपशील बदलले आहेत, यापूर्वी कधी बदलले नव्हते. ती बाई हुडकेश्वरची नव्हती. दागिना एकदाणी नव्हता, आणि त्यात पोवळंही नव्हतं. काय होतं, ते लिहीत नाही.