देवघरातला डबा

बाबांनी आयुष्यभर भिक्षुकी केली. शेवटच्या काही वर्षांत त्यांना स्वतःच्या पूजा मोबाइलवर रेकॉर्ड करायचा नाद लागला होता. ते गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो एका जुन्या हार्डडिस्कवर, आणि तीही आता टकटक वाजू लागली होती. ती कधीही राम म्हणेल, असं दुकानदाराने सांगितलं. म्हणून मी घरच्या वायफायला जोडून ठेवायचा स्टोरेजचा डबा घेतला आणि अकोल्याहून अमरावतीला आईकडे गेले.

असलं यंत्र मी पहिल्यांदाच हाताळत होते. नव्या डिस्क आत सरकवल्या, पासवर्ड ठरवला, जुनी डिस्क मागून जोडली आणि कॉपी सुरू केली. राउटर देवघराच्या फळीवर होता, म्हणून डबाही तिथेच बसला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या हवेच्या जाळीत जाऊ देऊ नको, एवढंच मी म्हटलं.

अकोल्याला परतल्यावर मी मोबाइलवर लक्ष ठेवून होते. रोज रात्री डबा बंद पडायचा, सकाळी सुरू व्हायचा आणि कॉपी पुन्हा पहिल्यापासून. जुनी डिस्क इतकी रांगत होती की दिवसभरात काम उरकत नव्हतं. मी लाईटवाल्यांच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा उलगडा झाला. शेजारती झाली आणि आईने देवघराचं बटण खट्कन बंद केलं.

"आई, काहून बंद केलं?"

"देव झोपले ना आता."

"अगं, कॉपी अर्धवट राहते. तोवर डिस्क गेली तर बाबांचा आवाजही गेला."

ती डब्याकडे वळली. "मंग तुह्या बाबाले एकट्यालेच जागवून राहिली का तू?"

मला रागही आला आणि हसूही. तिने बटण पुन्हा लावलं; देवांपुढे मात्र पडदा ओढून घेतला.

रविवारी दुपारी कॉपी संपली. घरच्याच एका पूजेची फाइल लावली. बाबांनी घसा खाकरला, संकल्प सोडला, आणि मंत्र मध्येच तोडून म्हणाले, "अगं, पंखा बंद कर. समई विझून राहिली."

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. आई उठली आणि पंखा बंद करून आली. बाबांची इतकी आठवण मला ते गेले त्या दिवशीही आली नव्हती. घामाने निथळत आम्ही दोघी पूजा संपेपर्यंत बसून राहिलो.