नव्या मशीनवरचं जुनं विमान

विमान धावपट्टीवरून उठायच्या आधीच पडायचं. कळ दाबली रे दाबली की समोरची हिरवी जमीन गर्रकन फिरायची, आकाश खाली, जमीन वर, आणि खेळ संपला म्हणून पाटी यायची. माझा हात तोवर जॉयस्टिकच्या दांड्यावर नीट बसलेलासुद्धा नसायचा. बारामतीत बियाणांच्या दुकानावरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात, चपला दाराबाहेर काढून, गार फरशीवर पाय आपटत मी त्या नव्या मशीनला काय काय बोलले असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्लासचे सर आतल्या खोलीतून ओरडायचे, "अहो मॅडम, खाली बियाणं घ्यायला लोक येतात!"

मॅडम म्हणजे मी. बी.एस्सी. होऊन त्या क्लासात शिकवत होते. गाव निरवांगी, रोज एसटीनं येणं-जाणं. स्वभावानं तापट आणि घायकुती. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई सगळ्यांना सांगायची, तेही मी समोर असताना. तिचं खोटं नव्हतं. बसची वाट बघताना मी स्टँडभर फिरायचे, चहा गार व्हायची वाट न बघता जीभ भाजून घ्यायचे. मला विमान चालवायचं होतं. नुसतं बसायचं नव्हतं, चालवायचं होतं. तेव्हा फौजेच्या विमानांवर मुलींना घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी अर्ज केला, आणि कोणालाही वाटलं नव्हतं, मलाही नाही, पण म्हैसूरला निवडीसाठी बोलावणं आलं.

निवडीत पहिल्याच दिवशी एक मशीनची परीक्षा होती. खुर्चीत बसायचं, हातात दांडा, पायाखाली पेडल, आणि पडद्यावर पळणारा ठिपका मधोमध धरून ठेवायचा. त्यात नापास झालं की घरी. आणि नुसतं घरी नाही, आयुष्यात पुन्हा कधी त्या परीक्षेला बसायचं नाही. नियमच तसा. जन्मात एकदा.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही केल्या पटेना. आमची डाळिंबाची बाग. डाळिंबाला पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, की झाड फुलानं लगडतं. त्याला बहार धरणं म्हणतात. मृगाचा बहार हुकला तर हस्ताचा धरायचा, तोही गेला तर आंबे बहार असतोच. त्या माणसाला 'एकदाच' कसं समजावं?

"एकदाच? असली कसली परीक्षा? येकादीचा हात त्या दिवशी न्हाय चालला तर?"

"तर संपलं, आण्णा."

"ह्याट्!" म्हणाले आणि खुरपं घेऊन निघून गेले.

मी आयुष्यात लुना सोडून काही चालवलं नव्हतं. पण माझ्याकडे एक गोष्ट होती. सरांच्या एका मित्रानं कधीतरी तीन फ्लॉप्या दिल्या होत्या, त्यात विमान चालवायचा खेळ. क्लासातल्या जुन्या मशीनवर दुपारच्या सुट्टीत मी तो खेळायचे. सर खेळाच्या विरुद्ध, भिंतीवर तशी पाटीच लावलेली, पण दुपारी त्यांना डुलकी लागायची. त्या जुन्या मशीनवर विमान कसं शहाण्यासारखं उडायचं! दांडा जरा ओढला की नाक सावकाश वर, जरा सोडला की सावकाश खाली. मला उतरवायलाही जमायला लागलं होतं.

आणि नेमकं बोलावणं यायच्या आधी सरांनी जुनं मशीन विकलं. नवी मशीनं आली, त्यांवर नवी विंडोज. सगळा क्लास हरखून गेला. मी फ्लॉपी घातली, तर मशीन म्हणतं, मेमरी कमी आहे! अगं बया! जुन्या मशीनच्या कितीतरी पट मेमरी, आणि म्हणे कमी आहे. माझं डोकंच फिरलं. मग सरांनी उलगडा केला. जुना खेळ फक्त पहिल्या छोट्या खणातच बसतो, आणि नवी सिस्टीम सुरू होतानाच तो खण आपल्या सामानानं भरून टाकते. घरात चार खोल्या रिकाम्या, पण पाहुणा हटून बसलाय की मला ओटीवरच झोपायचंय, आणि ओटीवर तर पोती रचलेली.

मी ती पोती उचलायला लागले. विंडोज सुरूच न करता मशीन उठवणारी वेगळी फ्लॉपी बनवली. हे काढ, ते काढ, उंदीर, म्हणजे माऊस चालवणारी ओळ ठेव, आवाजाची काढून टाक. एक ओळ चुकली की मशीन मुकं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सर म्हणायचे, "अहो, जरा दमानं. बटण झिजेल." मला कुठला दम? आणि एका दुपारी खेळ सुरू झाला. मी टाळीच वाजवली. आणि पुढच्या क्षणाला विमान पडलं.

नवं मशीन फार वेगवान होतं, एवढीच गोष्ट. जुना खेळ मशीनच्या वेगावर चालायचा. मशीन पळालं की विमानही पळायचं. जुन्या मशीनला टर्बो नावाचं बटण होतं, ते दाबलं की मशीन हळू व्हायचं. नव्यालाही ते बटण होतं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, बुक्की मारली. सरांनी डबा उघडून दाखवला, तर बटणाला मागं वायरच नाही! "शोभेचं आहे," सर म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारे दोन पावलं मागं सरकले.

मग मी हट्टाला पेटले. हळू होत नाहीस ना? बघतेच. रोज दुपारी त्या पिसाळलेल्या विमानावर बसले. डोळ्याला दिसायच्या आधी हात हलवायचा. नाक वर जायच्या आधीच खाली दाबायचं. पडले, पडले, खूप पडले, आणि जमायला लागलं की हो! सरांची झोप उडाली, ते मागं उभे राहून बघायला लागले. एकदा मी ते वेडं विमान उतरवून दाखवलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाठ करून टाळ्या वाजवल्या. मला आभाळ ठेंगणं झालं. मग जाता जाता ते म्हणाले, "पण मॅडम, खरं विमान असं पळतं का हो?"

झालं. जिवाला घोर लागला. जेवताना तेच, एसटीत तेच. हाताला भलतीच सवय लागली असली तर? त्या परीक्षेचं मशीन शहाण्यासारखं चालणारं असलं तर? एकदाच बसायचंय, एकदाच. मला ते जुनं मशीन हवं होतं, दोन दिवस, निदान एक दिवस.

ते कुठं गेलं होतं हे मला ठाऊक होतं. इंदापुरात फळांच्या एका अडतीवर. आण्णा आपली डाळिंबं त्याच अडतीवर घालायचे, तिथले म्हातारे तात्या मला लहानपणापासून ओळखायचे. माझी म्हैसूरची गाडी दौंडहून दसऱ्याच्या संध्याकाळी. त्याआधी क्लासला सुट्टी. मी फ्लॉप्या पिशवीत टाकल्या आणि आदल्या दिवशी सकाळीच इंदापूर गाठलं.

आणि दुकानात शिरले ती थबकलेच. तराजू, मापं, पोती उचलायचे आकडे, हातगाडी, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडलेलं. मधोमध चौरंगावर आमचं जुनं मशीन. त्याला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाची बोटं, पुढे नारळ.

खंडेनवमी! आमचं घर बौद्ध. दसरा आमच्यासाठी मोठा दिवस, पण तो विहाराचा, वंदनेचा. अवजारांची पूजा आमच्याकडे आजोबांच्या वेळीच सुटली. त्यामुळे आदल्या दिवशी दुनियेतली हत्यारं विसावतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुट्टी म्हणजे मशीन रिकामं, एवढाच हिशोब मी केला होता.

"तात्या, थोडा वेळ मशीन चालू करू द्या. माझी परीक्षा आहे."

"आज न्हाय, बाय. आज हत्याराला इसावा."

"अहो, यंत्र आहे ते! देव आहे का?"

"म्हणून तर," तात्या म्हणाले. "देवाला इसावा कशाला लागतोय? राबणाऱ्याला लागतोय."

मी रडकुंडीला आले, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. म्हातारा ढिम्म. पण वाईट नव्हता. मला बळंच पुरणपोळी वाढली आणि म्हणाला, "उद्या सकाळी पयल्यांदा तूच बस. दुपारपतुर बस. आन् त्या तुझ्या तबकड्या हितंच ऱ्हाऊ दे, एसटीच्या गर्दीत कशाला नेतीस?"

ठेवल्या मी. पटलं मला.

दसऱ्याला सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार. "आजच्या दिवशी तरी विहारात थांब गं." मी उभ्या उभ्या हात जोडले आणि पळाले. इंदापुरात दुकान उघडं होतं, तात्या वाटच बघत होते. हार काढून मशीन स्वतः चालू करून ठेवलेलं. त्यांनी माझ्यापुढे पितळी ताट केलं. ताटात माझ्या तिन्ही फ्लॉप्या. प्रत्येकीवर ओलं गंध, कुंकू, अक्षता, वर झेंडूची पाकळी.

पहिली फ्लॉपी पुसून आत घातली. खर्र, खर्र, खर्र. वाचता येत नाही. काढली, पत्र्याची झडप सरकवली, तर आतल्या काळ्या चकतीवर लाल ओघळ. गंध झडपेखालून आत उतरलेलं.

"तात्या, हे काय करून ठेवलंत!"

"का गं? पूजा केली. सगळ्या हत्यारांत तुझंबी ठिवलं. तुला यश यावं म्हनून."

तात्यांना एवढं कळलं की काहीतरी बिघडलंय. त्यांनी माझ्या हातातून ती फ्लॉपी घेतली आणि उपरण्याच्या टोकानं आतली चकती घासून घासून पुसायला लागले. उरलीसुरली आशाही पुसली. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. बारामतीच्या मशीनवर खेळाची नक्कल होती, पण क्लास बंद, सर गावाला, किल्ली त्यांच्याकडे. पहिल्या फ्लॉपीशिवाय खेळ सुरूच होत नव्हता. जुनं मशीन समोर चालू होतं, शांत घरघरत, आणि मी त्याच्यासमोर रिकाम्या हातानं बसले होते. संध्याकाळी दौंडहून गाडीत बसले. रात्रभर माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता.

म्हैसूरला माझा नंबर लागला. खुर्चीत बसले. दांडा हातात घेतला, जड लागला. ठिपका हलला, सावकाश, म्हशीसारखा. मी दांडा दाबला. काहीच झालं नाही. आणखी दाबला. तेवढ्यात पहिलं दाबलेलं लागू झालं आणि ठिपका पार कडेला गेला. मी ओढला, जास्त ओढला, तो दुसऱ्या कडेला. मला सगळं कळत होतं हो! थांब, थांब, असं मी मनातल्या मनात किंचाळत होते, पण हात माझा राहिलाच नव्हता, तो बारामतीच्या त्या मशीनचा झाला होता. वेळ संपली तेव्हा ठिपका कोपऱ्यात होता. दुपारी पास झालेल्यांची नावं वाचली. माझं नव्हतं. आम्हाला पिशव्या उचलायला सांगितल्या.

घरी आले तेव्हा आण्णा बागेत होते. ताण संपवून हस्ताच्या बहाराचं पाणी सोडायचा दिवस होता. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "औंदा गेला तर फुडच्या बारीला..."

"पुढची बारी नाही, आण्णा!" मी ओरडले. "किती वेळा सांगू? याला दुसरा बहार नाही! संपलं ते!"

आणि मग मी सगळं भडाभडा ओतलं. नवं मशीन, ते पळणारं विमान, वायर नसलेलं बटण, तात्यांचं गंध, उपरणं, आणि तो मेला ठिपका, जो दाबला तरी हलत नव्हता आणि हलला की थांबत नव्हता. आण्णा फावडं टेकवून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"येकदाच हुती म्हंतीस. मग तितं तरी येवढी घाई कशाला केलीस, बाय?"

मशीनला द्यायला माझ्याकडे शिव्या होत्या, तात्यांना लावायला बोल होते, सरांनाही दोन शब्द सुनावायचे ठरवून आले होते. आण्णांना द्यायला काहीच नव्हतं. मी बांधावर बसले. आण्णांनी बारं फोडून पाटाचं पाणी बागेत सोडलं. कोरड्या पडलेल्या बागेत पाणी इतकं हळू सरकतं, एकेका झाडापाशी थांबतं, जिरतं, मग पुढं जातं. ते शेवटच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर मी तिथून उठले नाही.