मागे मी आहे

काल आमचा गोलकीपर गेला.

पेपरात त्याला 'भारतीय संघाचे माजी कोच' म्हणतील. इंदूरच्या आमच्या स्नेहलतागंजात तो नुसता शऱ्या.

मी स्टॉपर, गोलच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून उभा. खेळताना त्याचं तोंड कधी दिसलंच नाही, फक्त आवाज.

"डावीकडे सरक. अरे भिया, जेवतोस तो हात नाही, दुसरा!"

घाबरून मी सारखा वळायचो. तो खेकसायचा, "मागे काय बघतोस यार? मागे मी आहे. तू समोरचं बघ."

मग तो इंडियाचा कीपर झाला. पुढे कोच झाला. आम्ही टीव्हीला डोळे लावून बसायचो. लाइनीवर उभा, तोंड चालू, आवाज ऐकू येत नसे.

आमच्या सौ. विचारायच्या, "भाऊजी काय हो ओरडतायत?"

"मागे बघू नको म्हणतोय."

मग ती मॅच. त्याच्या नव्या कीपरच्या हातातून साधा बॉल निसटला. टीम बाहेर.

पत्रकारांनी त्या कीपरच्या चुकीबद्दल विचारून विचारून पिच्छा पुरवला. शऱ्या एवढंच म्हणाला, "त्याला मी उभा केला. गोल माझ्या नावावर लिहा."

लिहिला. नोकरी गेली.

इंदूरला परतला. रोज सकाळी ग्राउंडवर जाऊन गोलच्या जाळीमागे उभा राहायचा. जुनी खोड. पोरांना हळूच सांगायचा, सरक, पुढे ये.

एक दिवस तिथला नवा कोच अगदी अदबीने म्हणाला, "सरजी, बॉल लग जाएगा. उधर बैठिए ना."

शऱ्या बाजूला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "कोणाच्या मागे उभा राहू रे आता?"

पोहे खाल्ले, घरी आलो.

त्यानंतर माणूस वाळत गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मला ते पटलं नाही.

काल स्मशानातून निघताना गुरुजी म्हणाले, "आता कोणी मागे वळून बघायचं नाही."

रीत आहे. सगळे खाली मान घालून निघाले.

माझे पाय अडले. वाटलं, आता खेकसेल.

कोणी खेकसलं नाही.

मी वळून बघितलं.

शऱ्या, जा बाबा सुखाने. आता तू मागे बघू नकोस.

मागे मी आहे.