खालची वादी

गुरुवार, ८ ऑक्टोबर १९९८. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी रास अल खैमाच्या डोंगरांत, एका वादीच्या तोंडाशी जीप उभी केली. वादी म्हणजे कोरडी दरी. पाठीवर सामान घेऊन दोन दिवस त्या दरीतून चालायचे, असा माझा बेत होता. त्या वर्षी मार्चमध्ये पत्नी वारली. तेव्हापासून घरातले देव मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले होते, आणि सुटीच्या दिवशी घरी बसणे मला जमत नव्हते.

सोबत सीताराम होता. मुसफ्फातील आमच्या वर्कशॉपमधला वेल्डर, वय पंचेचाळीस, सावंतवाडीकडचा. आखातात येऊन त्याला सातच महिने झाले होते. कॅम्प आणि वर्कशॉप यांपलीकडे त्याने काही पाहिले नव्हते. साहेबांना एकटे सोडायचे नाही, एवढ्यासाठी तो आला. वाटेत त्याने विचारले, "साहेब, ह्या वाडीत घरां किती?" मला तो विनोद वाटला. मी उत्तर दिले नाही.

दरीच्या तोंडाशी त्याने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. कोकणात एकाने देवापुढे मागणे मांडायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, अशी रीत आहे. मी गप्प उभा होतो.

"'व्हय म्हाराजा' म्हणा, साहेबानूं. नायतर गाऱ्हाणां अर्धांच ऱ्हवतां."

"उशीर होतो आहे," मी म्हणालो.

चार तास मुख्य दरीतून चाललो आणि मग एका अरुंद फाट्यात वर शिरलो. तेथे माझा पाय खडकावरून घसरला. घोटा मुरगळला, आणि पाण्याचा कॅन पालथा होऊन रिकामा झाला. झाकण मीच लावले होते. सीतारामच्या बाटलीत अर्धे पाणी होते. ऊन माथ्यावर येत होते. मला उभे राहवेना. मी सूचना दिली : "खालची वादी गाठ. मदत घेऊन ये." मुख्य दरीत उतरून आल्या वाटेने जीपकडे जा, असा माझा अर्थ होता. बाटली माझ्यापाशी ठेवून तो कोरड्या घशाने गेला. तो दिसेनासा झाल्यावर मला आठवले, की त्याला गाडी चालवता येत नाही. आणि पाण्याविना चार तास तो चालणार कसा? माणूस मी मरायला पाठवला, एवढेच मनात राहिले. मी हाक मारली. उत्तर आले नाही. प्रार्थना मी केली नाही; करण्याचा हक्क उरला आहे, असे वाटले नाही.

दीड तासाने दगडांवर खुरांचा आवाज आला. गाढव, त्यावर पाण्याचे दोन कॅन, मागे एक वृद्ध अरब, आणि त्याच्यामागे सीताराम.

"कुठे गेला होतास?"

"तुमीच म्हटलात ना, खालची वाडी गाठ म्हणान? वाडी म्हणजे माणसां असतलीच. लेंड्यो बघीत गेलंय. शेळ्यांच्या लेंड्यो घराकडेच जातत, साहेब."

तो जेथे पोचला, तेथे माझ्या नकाशात वस्ती नव्हती. खडकाआड पाच घरे, खजुराची झाडे आणि पाण्याचा पाट होता. वृद्धाने माझा घोटा दाबून पाहिला, सीतारामकडे बघून तो हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब बुड्ढा, पहाड भी बुड्ढा. दोनो सीधा नहीं. यल्ला, चलो, बैठो." मला गाढवावर बसवण्यात आले.

माझी सूचना जशीच्या तशी पाळली जावी, असा आग्रह मी आयुष्यभर धरला. त्या दिवशी ती तशी पाळली गेली असती, तर आम्हा दोघांपैकी एक तरी परतला नसता. यात देवाचा हात किती आणि एका अक्षराचा किती, हे मी ठरवत नाही. मी थकलो होतो. ठरवण्याचे ओझे त्या दिवशी प्रथमच खाली ठेवले. कपाटातले देव घरी गेल्यावर पुन्हा मांडले.

त्याच संध्याकाळी, वस्तीतल्या पाटाच्या काठी सीताराम पाय धूत होता. मी त्याच्याशेजारी बसलो.

"व्हय महाराजा," मी म्हणालो.

त्याने वर पाहिले नाही. "आता पुरां झालां," एवढेच तो बोलला.

मग मी कॅन विसळला, भरला आणि झाकण दोनदा आवळले.