काशीच्या नाचाची तीन कापडं

दिघाशीच्या पाड्यावरची सोमी घाबरली तर फक्त देवाला. मग राहनाळचा गोदामवाला देवेश कोण लागून गेला!

मुंबईच्या प्रदर्शनात लावतो म्हणून देवेशनं तिची तीन चित्रं नेली. गेरू फासलेल्या कापडांवर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नातला नाच. सासू काशी त्याच साली गेली. तिचा एकही फोटो नाही. होती ती त्या नाचात, कमरेत वाकलेली, तरी सगळ्यांच्या पुढे. प्रदर्शन होळीला आटोपलं. दिवाळी आली तरी देवेशचं एकच, "अजून आली नाहीत गं मावशी."

मग देवेशच्या गोदामात हमाली करणाऱ्या भाच्यानं, किशननं, सांगितलं, "आत्या, तुझी चित्रं तर शेटच्या टेबलावर काचेखाली हायत."

सोमी तडक ऑफिसात. बघते तर काशीच्या डोक्यावर चहाचा कप!

"माझी कापडं दे."

"तुझी कशावरून? सही कुठंय? ही मी दुसरीकडनं घेतलीत."

सही कुठून असणार? लग्नाचा चौक, भिंतीवरचं देवाचं चित्र, सवाशिणी मिळून काढतात, त्याखाली कुणी नाव घालत नाही. देवाच्या कामात आपलं नाव कसलं! सोमीनं तीच रीत कापडावर पाळली होती.

"कप उचल आधी," ती म्हणाली. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी आली ती चौथं कापड घेऊन. नाचाची रांग तोडू नये, घरचं माणूस तुटतं, ही काशीची शिकवण. म्हणून कापड संपलं की सोमी रांग पुढच्या कापडावर नेई. चौथं अपुरं होतं, ते घरीच राहिलेलं. तिनं ते तिसऱ्याच्या कडेला लावलं. काचेखालच्या शेवटच्या बाईचा हात कोपरापर्यंतच होता. पंजा सोमीच्या कापडावर, पुढच्या गड्याच्या कमरेला.

दारात हमाल जमले होते. किशन म्हणाला, "काय शेट, बाई राहनाळला आन् हात दिघाशीला?" हशा पिकला.

देवेशनं आवाज उतरवला. "मावशी, दोन ने. एक राहू दे, आठवण म्हणून."

"सासू माझी, आठवण तुला कसली रं?"

काच उचलली गेली. देवेशनं जुना पेपर पुढे केला, "निदान गुंडाळून तरी ने."

"का? चोरून नेते काय?"

चारही कापडं खांद्यावर उघडी टाकून ती ट्रकांच्या रांगेतून चालत निघाली. एका ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "मौसी, ये क्या ले जा रही हो?"

"सासूला घरी नेते," सोमी म्हणाली. "बाजू हो."